मुलांसोबत गोष्टी आणि कविता : होमस्कूलिंग करणाऱ्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

मुलांना घरीच शिकवणाऱ्या आईबाबांकडून गेली काही वर्षं जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केलेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं आमच्या घरातल्या दोघांबरोबर वाचता वाचता सुचलेली आहेत. थोरली आता पंधराची आहे, धाकटा अकराचा. बरीचशी उत्तरं आधी चुकून मग सुचली. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. साहित्य हा विषय म्हणून वेळापत्रकात ठेवावा का?

वेळ जरूर ठरवून ठेवा. नाहीतर गणित, विज्ञान आणि घरातली कामं यांच्या गर्दीत सगळ्यात आधी गोष्ट उडते. पण त्या वेळेचा तास होऊ देऊ नका.

आम्ही सुरुवात केली तेव्हा मी मोठ्या हौसेने एक फाइल केली होती. प्रत्येक कवितेखाली पाच प्रश्न, नवे शब्द, एक चित्र काढा, एक ओळ पूर्ण करा. थोरली तेव्हा सहा वर्षांची होती. एके दिवशी मी नवी कविता काढली, तर तिने आधी वाकून कागदाच्या खालच्या बाजूला पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्याखाली प्रश्न आहेत का?" त्या दिवशी नेमके नव्हते, लिहायचे राहून गेले होते. मग ती मांडीवर येऊन बसली. फाइल त्याच आठवड्यात रद्दीत गेली.

२. रोज किती वेळ वाचावं?

वीस मिनिटं. थकलेल्या दिवशी एक कविता, ती दोनदा. रविवारी तासभर वाचण्यापेक्षा हे बरं. मुलं "अजून" म्हणत असतानाच थांबता आलं तर उत्तम, पण गोष्ट ऐन रंगात असेल तर मलाही ते जमत नाही.

३. मुलगा आठ वर्षांचा आहे, स्वतः छान वाचतो. मग त्याला वाचून दाखवायची काय गरज?

गरज आहे, आणि ती बरीच वर्षं राहते. ऐकून समजण्याची मुलांची ताकद वाचून समजण्याच्या ताकदीपेक्षा पुढे असते. वाचन शिकवणारे सांगतात की साधारण तेरा-चौदा वर्षांपर्यंत हे अंतर राहतं. म्हणजे आठ वर्षांचं मूल स्वतः जे पुस्तक वाचू शकतं, त्याच्यापेक्षा कितीतरी अवघड पुस्तक ते ऐकू शकतं. वाचून दाखवणं थांबवलं की त्याच्या वाट्याला फक्त सोपी पुस्तकं उरतात.

मराठीत आणखी एक अडचण आहे. घरात आपण बोलतो ती भाषा आणि पुस्तकातली भाषा यांत फरक असतो. "तो म्हणाला" कानावर रोज पडतं. "तो उद्गारला" फक्त पुस्तकात भेटतं. लांब, वळणं घेत जाणारं वाक्य मूल एकटं वाचताना मध्येच सोडून देतं. तेच वाक्य तुमच्या आवाजात आलं की कुठे श्वास घ्यायचा, जोर कुठल्या शब्दावर, हे त्याला आपोआप कळतं. अशी शंभर वाक्यं कानावरून गेली की तो ती स्वतःही वाचू लागतो.

४. वाचताना मुलं एका जागी बसतच नाहीत. ऐकतात तरी का?

बहुतेक वेळा ऐकतात. धाकटा पाच वर्षांचा असताना टेबलाखाली आडवा पडून पायाने टेबलाची फळी ढोसत बसायचा. मला वाटायचं की मी भिंतींनाच वाचून दाखवतेय. एकदा कंटाळून मी एक परिच्छेद गाळला, तर टेबलाखालून आवाज आला, "पण त्यांना बोट मिळाली कुठून?"

हात गुंतलेले असले की कान मोकळे राहतात, एवढं गृहीत धरा. चित्र काढणं, ठोकळे रचणं, शेंगा सोलणं, काहीही चालेल. ज्यात शब्द लागतात ते मात्र नको, म्हणजे दुसरं पुस्तक चाळणं किंवा समोर स्क्रीन असणं.

५. मला नाटकी वाचता येत नाही. आवाजही बरा नाही. ऑडिओच लावलेला बरा ना?

ऑडिओबद्दल क्रमांक १४ पाहा. आवाजाची काळजी करू नका. पात्रागणिक आवाज बदलणारी आई दहा मिनिटांत दमते. तीन गोष्टी मात्र कराव्यात. आदल्या रात्री मजकुरावर एकदा नजर फिरवून ठेवावी, म्हणजे वाक्य कुठे जातंय ते माहीत असतं. पहिल्या दोन पानांनंतर आपण सगळेच घाईला येतो, तेव्हा मुद्दाम हळू व्हावं. आणि पूर्णविरामाला खरोखर थांबावं.

कविता वाचताना आणखी एक पथ्य आहे. ऱ्हस्व-दीर्घ नीट उच्चारा. रोजच्या बोलण्यात आपण दीर्घ स्वर खाऊन टाकतो, पण वृत्तातली ओळ त्यांच्यावरच उभी असते. का, ते क्रमांक ९ मध्ये.

६. मला स्वतःलाच कविता कळत नाहीत. शाळेत तर भीतीच बसली होती. मुलांना कविता कशा शिकवू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. विचारणारे बहुतेक जण परीक्षेत रसग्रहण लिहिलेले असतात. "प्रस्तुत कवितेत कवीने…" असं सुरू करून पानभर लिहायचं आणि आठापैकी पाच गुण मिळवायचे. त्यातून मनात एक समजूत घट्ट बसते: कविता हे कुलूप आहे, किल्ली बाईंकडे आहे, आणि आपण 'ढ' आहोत.

कुलूपबिलूप काही नाही. कविता आधी कानाची वस्तू आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी त्यांच्या तोंडून इतरांनी लिहून घेतली आणि १९५१ साली त्या गेल्यावर पुढच्या वर्षी ती पुस्तकरूपाने आली. जी कविता कागदाशिवाय जन्मली, ती कागदावरच्या प्रश्नोत्तरांशिवाय ऐकायलाही हरकत नाही.

सुरुवात अशी करून बघा. आठवड्याला एकच कविता घ्या, तुम्हाला स्वतःला आवडलेली. सोमवारी दोनदा वाचा आणि उठून कामाला लागा. मंगळवारी पुन्हा तीच. बुधवारी एखाद्या ओळीचा शेवटचा शब्द न उच्चारता थांबा. कुणीतरी तो शब्द पुरा करील. शुक्रवारपर्यंत दोन-चार ओळी घरात फिरू लागतात, कुणी दात घासताना म्हणतं, कुणी भांडताना. आमच्याकडे पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या आठवड्यात धाकट्याने पायऱ्या उतरताना एका पायरीला एक शब्द अशी अख्खी कविता म्हटली आणि शेवटच्या पायरीला शब्द उरला नाही म्हणून परत वर गेला.

कविता निवडताना "मुलांची कविता" एवढाच निकष लावू नका. मुलांसाठी म्हणून लिहिलेल्या कित्येक कवितांत ससा, फुलपाखरू आणि शेवटी उपदेश एवढंच असतं. बडबडगीतं, कोडी, ओव्या, अभंग, मोठ्यांसाठी लिहिलेल्या निसर्गकविता, सगळं मिसळून ठेवा. विंदा करंदीकरांनी मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी तितक्याच ताकदीने लिहिलं. त्यांचं दोन्हीकडचं वाचून बघा.

आणि तुम्हाला एखादी ओळ कळली नाही, तर तसं सांगून टाका. "ही ओळ मला नाही कळली, पण ऐकायला छान वाटते" हे आईच्या तोंडून ऐकलेल्या मुलाला पुढे न कळण्याची भीती वाटत नाही.

७. वाचून झाल्यावर काय विचारायचं? नाहीतर समजलं की नाही हे कसं कळणार?

कविता असेल तर काहीच विचारू नका. पुस्तक मिटून दहापर्यंत मनात आकडे मोजा. ती शांतता आपल्यालाच झेपत नाही, मुलांना झेपते. पहिलं वाक्य त्यांचं असू द्या, आणि कुणी काही बोललं नाही तर तो दिवस तिथे संपला.

हे मी आळसापोटी सांगत नाही. लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९३८ सालापासून हा मुद्दा लावून धरला होता. त्यांचं एक उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. मुलाच्या पोटात विषारी औषध गेलंय, आई बाटलीवरचं लेबल भराभर वाचतेय. तिला हवाय फक्त उतारा. अक्षरं, शब्द, लय यांकडे तिचं लक्ष असायचं कारणच नाही. हे एका प्रकारचं वाचन, ज्यात वाचून झाल्यावर हातात काय उरतं ते महत्त्वाचं. दुसऱ्या प्रकारात वाचत असताना आपल्या आत काय चाललंय ते महत्त्वाचं. कविता हातात घेऊन "यातून काय शिकलास?" असं विचारलं की आपण मुलाला बाटलीचं लेबल वाचायला लावतो.

शिवाय "समजली" म्हणजे नेमकं काय? बालकवींची 'औदुंबर' अवघी आठ ओळींची, आणि तिच्यात नक्की काय आहे यावर मराठी समीक्षकांनी पिढ्यान् पिढ्या वाद घातलाय. ते अजून एकमताला आलेले नाहीत. मग नऊ वर्षांच्या मुलीने एका दुपारी उत्तर का द्यावं?

गोष्टीचं थोडं वेगळं आहे. शार्लट मेसन (१८४२–१९२३) या इंग्लंडमधल्या शिक्षिकेची एक पद्धत होमस्कूलिंग करणाऱ्यांत बरीच चालते. मजकूर एकदाच वाचायचा आणि मुलाने तो आपल्या शब्दांत सांगायचा. प्रश्न नाहीत, आठवण करून देणं नाही. सहा वर्षांच्या आतल्या मुलांकडून त्या हेही करून घेत नसत. आम्ही हे गोष्टींना आणि इतिहासाला वापरतो. मूल काय सांगतं त्याइतकंच काय गाळतं तेही ऐकण्यासारखं असतं. राजा, युद्ध, तह सगळं वगळून धाकट्याने एकदा फक्त घोड्याची गोष्ट सांगितली होती. आणि खरं म्हणजे त्या प्रकरणात जीव ओतून लिहिलेला तो घोडाच होता.

८. कवीची माहिती आधी सांगावी का?

नंतर. आधी सांगितली की मुलं कवितेत ती माहितीच शोधत बसतात. बालकवी १९१८ मध्ये रेल्वेच्या अपघातात गेले, वयाची अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. हे मी थोरलीला त्यांच्या चार-पाच कविता अंगवळणी पडल्यावर सांगितलं. ती उठून तीच पुस्तकं घेऊन आली आणि पुन्हा वाचत बसली.

९. वृत्त, छंद, मात्रा हे सगळं मुलांना शिकवायचं का? किती वर्षांपासून?

नावं नंतर, ताल लगेच. चार वर्षांचं मूलही टाळी वाजवू शकतं.

ऱ्हस्व अक्षराला आखूड टाळी, दीर्घाला लांब. व्याकरणात यांना लघु आणि गुरू म्हणतात, आम्ही घरात "ल" आणि "गा" म्हणतो. भुजंगप्रयात हे वृत्त पहिलं घ्यावं, कारण त्यात "ल गा गा" हा एकच तुकडा चार वेळा येतो, एका ओळीत बारा अक्षरं. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत, दोनशे पाचच्या दोनशे पाच, त्यामुळे कित्येकांच्या कानात ही चाल आधीपासूनच असते. समजावण्यासाठी मी दोन ओळी जुळवल्या होत्या:

पहाटे उठावे नदीला पहावे
निळेसे धुके ते हळू ओसरावे

प-हा-टे, उ-ठा-वे, न-दी-ला, प-हा-वे. टाळ्या वाजवून झाल्या, चाल बसली. धाकटा, तेव्हा सातचा, माझ्याकडे संशयाने बघत म्हणाला:

पहाटे उठावे, कशाला उठावे?

मी हसले आणि मग बोटं मोजली. क-शा-ला, उ-ठा-वे. बरोबर बारा अक्षरं, एकही मात्रा इकडची तिकडे नाही. व्याख्या त्याला माहीत नव्हती, वृत्त मात्र येत होतं.

पुढची पायरी अभंगाची. नेहमीच्या चालीत पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांचं यमक जुळतं. इथे लघु-गुरूची कटकट नाही, नुसती अक्षरं मोजायची, म्हणून मुलं स्वतः पटकन रचतात. थोरलीने नवव्या वर्षी केलेला हा अभंग तिच्या परवानगीने देते आहे:

मांजर बसले । खिडकीच्या पाशी ।
पाहते आकाशी । एकटेच ॥

ओवीत पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. तो शेवटचा तुकडा तोडून ऐकवला की मुलांना लगेच कळतं की ओवी कुठे टेकते. मंदाक्रांतेसारखं सतरा अक्षरांचं वृत्त, ज्यात कालिदासाचं मेघदूत आहे, ते दहा-बारा वर्षांनंतर. त्यात चार, सहा आणि सात अक्षरांवर थांबत जायचं असतं. पहिली चार अक्षरं सगळी गुरू, मग पाच लघू धावत येतात. हे ऐकवून "हे कसल्यासारखं चालतं?" एवढं विचारायला मला आवडतं. (क्रमांक ७ मध्ये मी "काहीच विचारू नका" म्हटलंय, हो. हा प्रश्न अर्थाचा नाही, चालीचा आहे.)

मुक्तछंदाची वेळ यानंतर येते. ताल कानात असलेल्या मुलाला कवीने तो कुठे मोडला हे ऐकू येतं.

१०. पाठांतर करून घ्यावं का?

करून घेऊ नका, होऊ द्या. क्रमांक ६ मधल्या पद्धतीने वर्षाला दहा-पंधरा कविता आपसूक पाठ होतात. पाहुण्यांसमोर म्हणून दाखवायला मात्र लावू नका. मी एकदा लावलं होतं. ती कविता पुढे दोन वर्षं आमच्या घरात कुणी उच्चारली नाही.

मुलाला स्वतःला पाठ करायची हौस असेल तर शेवटच्या कडव्यापासून सुरुवात करा आणि उलटं पुढे या. म्हणजे म्हणताना प्रत्येक वेळी ते जास्त ओळखीच्या भागाकडे जात राहतं. नाहीतर पहिलं कडवं खणखणीत आणि शेवटचं पुटपुटत, असं होतं.

११. अवघड शब्द आला की थांबून अर्थ सांगावा का?

मुलाने विचारलं तर एका शब्दात सांगा आणि पुढे चला. विचारलं नाही तर चालत राहा. शब्द तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी भेटला की त्याचा अर्थ आपोआप भरत जातो, आपणही भाषा तशीच शिकलो. एखाद्या शब्दावर अख्खी गोष्ट अडत असेल तर तो वाचायला बसण्यापूर्वीच बोलण्यात आणून टाका. वाचता वाचता सोपा पर्याय घालायची सवय मात्र वाईट. "तिमिर" वाचायच्या ऐवजी "अंधार" म्हटलं की अर्थ राहतो, पण ओळीतून 'ति' आणि 'मि' हे दोन लघू निघून जातात.

१२. चार, आठ आणि बारा अशा तीन वयांची मुलं आहेत. एकत्र काय वाचू?

मधल्यापेक्षा थोडं वरचं पुस्तक निवडा. धाकट्याला जे मिळेल ते मिळेल, त्याने मध्येच उठून जायलाही हरकत नाही. लोककथा आणि प्राणिकथा इथे उपयोगी पडतात, कारण त्या मुळात मुलांसाठी वेगळ्या काढलेल्या नव्हत्याच. सगळं घर एकत्र बसून ऐकायचं. कवितेला तर वयाची अट जवळजवळ नाहीच. बारा वर्षांच्या मुलीला मात्र तिचा एकटीचा वेळ हवा, आठवड्यातून दोनदा का होईना, धाकटे झोपल्यावर. या वयाची मुलं सगळ्यांसमोर काही बोलत नाहीत.

१३. पुस्तक अर्धवट सोडलं तर शिस्त बिघडणार नाही का? आणि एकच पुस्तक दहादा वाचते, त्याचं काय?

सोडू द्या, आणि दहादाही वाचू द्या. दानिएल पेनाक हा फ्रेंच लेखक बरीच वर्षं शाळेत शिकवत होता. त्याने १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. न वाचण्याचा हक्क, पानं गाळण्याचा, पुस्तक पुरं न करण्याचा, पुन्हा वाचण्याचा, असे करत शेवटचा, दहावा हक्क गप्प राहण्याचा (म्हणजे क्रमांक ७). मोठ्यांना हे हक्क आपण न मागता देतो. तुमच्या उशाशी अर्धी वाचलेली किती पुस्तकं पडली आहेत, एकदा मोजा.

आमच्याकडे एकच नियम आहे. मी मोठ्याने वाचत असलेलं पुस्तक पन्नास पानांपर्यंत ऐकायचं, मग मत द्यायचं. दोघांनी नको म्हटलं की बंद. मला आवडलेली तीन पुस्तकं अशी बंद पडली आहेत आणि त्यातल्या एकाचं मला अजून वाईट वाटतं.

१४. ऑडिओबुक वाचनात धरायचं का? माझ्या मुलाला डिस्लेक्सिया आहे.

साहित्य म्हणून पूर्ण धरायचं. अक्षरं फोडून वाचायला शिकणं हे एक काम आहे आणि साहित्य अनुभवणं हे दुसरं. पहिल्यात अडचण आहे म्हणून दुसरं अडवून ठेवलं, तर अकरा वर्षांच्या हुशार मुलाला सहा वर्षांच्या मुलाची पुस्तकं मिळत राहतात आणि तो पुस्तकांवरच रागावतो. वाचण्याचा सराव वेगळ्या वेळी, त्यातल्या जाणकाराच्या सल्ल्याने करा. गोष्टीच्या वेळी त्याला फक्त ऐकू द्या. छापील पुस्तक समोर ठेवून ऐकायला त्याला आवडत असेल तर तसं, नाहीतर नाही.

ज्यांना ही अडचण नाही त्यांच्यासाठीही ऑडिओ चांगलाच. फक्त ऑडिओला मध्येच थांबवून "पण तिने खोटं का सांगितलं?" असं विचारता येत नाही, म्हणून शक्य तेव्हा तुम्ही शेजारी बसून ऐका.

१५. गोष्टीत कुणी मेलं की मुलगी खूप रडते. अशा गोष्टी टाळू का?

रडण्यावरून ठरवू नका. रडून झाल्यावर ती पुस्तकाकडे परत येते का, ते बघा. येत असेल तर वाचत राहा. रात्री झोप उडत असेल, तो विषय निघाला की अंग चोरत असेल, तर बाजूला ठेवा. दोन वर्षांनी तेच पुस्तक चालेल. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर निवड पूर्णपणे तिच्यावर सोपवा. काही मुलांना अशा वेळी मरणाचीच गोष्ट हवी असते.

"अगं, नुसती गोष्ट आहे" हे वाक्य मात्र टाळा. इतके दिवस ती खरी वाटावी म्हणूनच आपण जीव ओतून वाचत होतो.

१६. जुन्या पुस्तकांत जातीबद्दल, बायकांबद्दल, रंगाबद्दल खटकणारं बरंच असतं. ते गाळून वाचावं का?

मी आधी गाळत असे, अगदी सराईतपणे, ओळीच्या ओळी. मग थोरली ते पुस्तक स्वतः वाचायला लागली आणि एके संध्याकाळी येऊन म्हणाली, "तू हे वेगळं वाचलं होतंस." रागावली नव्हती. पण मी आणखी कुठे कुठे असं केलं असेल, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

तेव्हापासून आमची रीत बदलली. सहा-सात वर्षांपर्यंत असं पुस्तक निवडतच नाही, इतर पुस्तकं पुष्कळ आहेत. त्यानंतर जसं आहे तसं वाचते, त्या ओळीला थांबते, आणि "हे मला पटत नाही, लिहिणाऱ्याला तेव्हा त्यात वावगं वाटलं नाही" एवढं सांगते. भाषण देत नाही. मुलांना बोलायचं असेल तर पुस्तक बाजूला राहतं, कधीकधी तासभर. ज्यांच्याबद्दल ते लिहिलंय त्यांनी स्वतः लिहिलेलं काहीतरी लगोलग वाचायला घेते. मराठीत दलित आत्मकथनं आणि कविता आहेत, त्यातलं बरंच बारा-तेराच्या पुढच्या मुलांना वाचून दाखवता येतं. संपूर्ण पुस्तकच द्वेषावर उभं असेल तर मात्र ते अभिजात असलं तरी आमच्या कपाटात राहतं, आमच्या संध्याकाळीत येत नाही.

१७. घरात दोन भाषा आहेत, मुलांचं मराठी कच्चं आहे. मराठी कविता झेपतील का?

कविता गद्यापेक्षा लवकर झेपतात. लय आधाराला असते आणि एका वेळी आठ-दहाच ओळी सांभाळायच्या असतात. ओळीगणिक भाषांतर करत वाचू नका, त्याने दोन्ही भाषा लंगड्या होतात. आधी पूर्ण कविता मराठीत. लागलंच तर दोन वाक्यांत दुसऱ्या भाषेत गोषवारा. मग पुन्हा पूर्ण मराठीत. उच्चार दुरुस्त करत बसू नका, तुम्हीच पुन्हा एकदा नीट वाचा.

१८. मुलगी स्वतः कविता लिहिते. चुका दुरुस्त कराव्या का?

ती दाखवेल तेव्हा मोठ्याने वाचून दाखवा, तिच्याच शब्दांत, नीट. कुठे ठेचकाळतं ते तिला तुमच्या आवाजात ऐकू येईल आणि बहुतेक वेळा ती स्वतःच वही मागून घेईल. शुद्धलेखन कुणाला द्यायची प्रत काढताना बघा. "वा, छान" एवढंच म्हणून परत देऊ नका; एखादा नेमका शब्द दाखवा. त्या मांजराच्या अभंगात मी "एकटेच" वर बोट ठेवलं होतं. ती म्हणाली, "चार अक्षरं हवी होती म्हणून आलं." आणि थोडं थांबून, "पण होतंच ते एकटं."

१९. एवढं सगळं करून नोंद काय ठेवायची? पुढे कुणी विचारलं तर?

एक वही पुरते. तारीख, पुस्तकाचं नाव, कुणी वाचलं, मुलांनी काही म्हटलं असेल तर त्यांच्याच शब्दांत एक ओळ. शेवटचा रकाना सोडू नका. "घोड्याची गोष्ट" ही नोंद चार वर्षांनी वाचताना कुठल्याही गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगते. शिवाय प्रत्येक मुलाची एक कवितेची वही असू द्या, आवडलेली कविता स्वतःच्या अक्षरात उतरवायला. किती उतरवाव्या याला मोजमाप नाही. आमच्या धाकट्याच्या वहीत सहा आहेत, त्यातल्या दोन एकच आहेत.

२०. मुलगा चौदाचा झाला. म्हणतो, कविता बोअर आहेत. आता काय?

काही दिवस खरंच बंद ठेवा. या वयात आईला आवडणाऱ्या बऱ्याच गोष्टी बोअर असतात, कविता त्यातली एक. तो कानाला लावून जी गाणी ऐकतो त्यांचे शब्द मात्र नीट ऐका. त्यातलं एखादं तुम्हाला खरंच आवडलं तर सांगा, नाही आवडलं तर खोटं सांगू नका.

विडंबन हा दुसरा रस्ता. मराठीत त्याची चांगली परंपरा आहे. आचार्य अत्र्यांनी केशवकुमार या नावाने केलेली विडंबनं वाचून दाखवा. टिंगल करायची मुभा मिळाली की या वयातली मुलं जागी होतात. आणि विडंबन करायचं तर मूळ कवितेचं वृत्त, तिच्या लकबी, तिचे लाडके शब्द, सगळं बारकाईने पाहावंच लागतं.

थोरलीने मागच्या वर्षी जवळजवळ आठ महिने कवितेला हात लावला नाही. मी रात्री धाकट्याला वाचून दाखवायचे, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. एका रात्री मी पुस्तक उघडलं तर आत चिठ्ठी होती:

पुरे ना ग आई, दिवा मालवावा
तुझा तो कवीही जरा झोपवावा

मी बोटांवर मोजलं. प-वा-वा पर्यंत सगळं जागच्या जागी होतं. भिंतीकडून काही आवाज आला नाही, मीही काही बोलले नाही. दिवा मालवला.